सिम्युलेटरमधली गाडी खऱ्यासारखी कशी करावी: ‘असेट्टो कोर्सा’मध्ये आकड्यांपासून टायरपर्यंत

रेसिंग सिम्युलेटरमधली एखादी गाडी चालवताना ‘हिचे वागणे खरे वाटत नाही’ असे जाणवले, की बहुतेक जण सर्वांत आधी टायरच्या पकडीला हात घालतात. गाडी मागून निसटते म्हणून मागची पकड थोडी वाढवतात, मग ती वळायला तयार होत नाही म्हणून पुढची वाढवतात, आणि शेवटी गाडी चालवण्याजोगी होते खरी, पण खऱ्या गाडीशी तिचे नाते उरत नाही. हे टाळण्याचा मार्ग क्रमात आहे. जे मोजता येते ते आधी पक्के करावे, जे मोजमापांवरून काढता येते ते त्यानंतर ठरवावे, आणि ज्याचा केवळ अंदाजच बांधता येतो त्याला शेवटी हात लावावा. टायर या शेवटच्या गटात येतात. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी भरून काढायची नाही, हा एक नियम पाळला तरी निम्मे काम सोपे होते.

उदाहरणासाठी इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा ‘असेट्टो कोर्सा’ हा सिम्युलेटर घेऊ. तो डिसेंबर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. गाडीचे भौतिकशास्त्र तो सेकंदाला ३३३ वेळा मोजतो आणि, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडीची सगळी माहिती साध्या मजकूर-फाइलींमध्ये ठेवतो. गाडी घेऊ पहिल्या पिढीची मॅझ्दा एमएक्स-५, जी जपानमध्ये १९८९ साली युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. हलके वजन, मागच्या चाकांना शक्ती, चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन दांड्यांनी चाक धरणारे) सस्पेन्शन, नगण्य डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) आणि इलेक्ट्रॉनिक मदतीचा अभाव यांमुळे तिच्या वागण्याचे कारण शोधताना दिशाभूल करणाऱ्या गोष्टी फार थोड्या उरतात. शिकण्यासाठी याहून चांगली गाडी मला तरी सुचत नाही.

कामाला बसण्यापूर्वी

मूळ गाडीच्या फोल्डरमध्ये बदल करू नयेत. संपूर्ण फोल्डरची प्रत काढून तिला नवे नाव द्यावे आणि काम त्या प्रतीवर करावे. कुनोसच्या अधिकृत गाड्यांची माहिती एका बांधलेल्या फाइलीत असते आणि तिची किल्ली फोल्डरच्या नावावर अवलंबून असते, त्यामुळे नुसते नाव बदलले तर ती फाइल उघडत नाही. म्हणून आधी ‘कंटेंट मॅनेजर’ या खेळाच्या सहायक प्रोग्रॅमच्या साहाय्याने मूळ नावाखाली माहिती सोडवून घ्यावी, सुट्या फाइलींचा ‘डेटा’ फोल्डर प्रतीत ठेवावा आणि प्रतीतली बांधलेली फाइल काढून टाकावी, कारण ती असेल तर खेळ सुट्या फाइली वाचतच नाही. केलेला बदल दिसत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असते. मूळ नावाखालीच बदल ठेवला तर ऑनलाइन शर्यतीत सर्व्हर तो पकडतो आणि प्रवेश नाकारतो, हाही प्रत काढण्याचा एक फायदा आहे.

सोबत एक वही किंवा तक्ता ठेवावा. प्रत्येक किमतीपुढे ती मोजलेली आहे, गणिताने काढलेली आहे की अंदाजाने धरलेली आहे, हे लिहावे. काही आठवड्यांनी एखादा आकडा बदलावासा वाटेल तेव्हा कोणत्या आकड्याला हात लावायचा हे ही नोंदच सांगते.

वजन, गुरुत्वमध्य आणि जडत्व

गाडीच्या मुख्य फाइलीत ‘टोटलमास’ ही किंमत असते. तिच्यात चालकाचे वजन धरलेले असते, इंधनाचे नसते. माहितीपत्रकातले वजन मात्र देशागणिक वेगळ्या व्याख्येचे असते: युरोपीय आकड्यात अनेकदा ७५ किलोचा चालक धरलेला असतो, जपानी आकड्यात चालक नसतो पण टाकी भरलेली असते. युनोस रोडस्टरचे जपानी वजन ९४० किलो आहे. तिची टाकी ४५ लिटरची, म्हणजे सुमारे ३३ किलो पेट्रोलची. ते वजा करून ७५ किलोचा चालक मिळवला की ९८२ किलो येतात. व्याख्या न पाहता ९४० हा आकडा जसाच्या तसा टाकला, तर सुरुवातीलाच चार टक्क्यांची चूक होते आणि पुढची प्रत्येक आकडेमोड तिच्यावर उभी राहते.

पुढच्या-मागच्या चाकांवरची वजनाची वाटणी या गाडीत चालकासह जवळपास निम्मी-निम्मी आहे. माहितीपत्रक नसलेल्या, स्वतःच्या घरच्या गाडीचे मॉडेल कोणी तयार करत असेल, तर महामार्गावरचा वजनकाटा उत्तम उपयोगी पडतो. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन नोंदवावे, मग पूर्ण गाडीचे, आणि दोन्ही वेळा टाकीत किती पेट्रोल होते तेही लिहून ठेवावे. काट्याचा आकडा पाच-दहा किलोंच्या पटीत येत असला तरी वाटणी ठरवायला तेवढे पुरते.

गुरुत्वमध्याची उंची सस्पेन्शनच्या फाइलीत थेट लिहिलेली नसते. चाकाच्या मध्यापासून ती किती वर आहे हे ‘बेसवाय’ या किमतीत, ऋण चिन्हासह, द्यावे लागते. १८५/६० आर १४ या मूळ टायरची त्रिज्या सुमारे ०.२८९ मीटर भरते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४६ मीटर उंचीवर धरला तर ‘बेसवाय’ उणे ०.१७ च्या आसपास येते. ही उंची अंदाजाने धरलेली आहे अशी वहीत खूण करावी, कारण ब्रेक मारताना पुढे सरकणारा भार आणि वळणावरचा कल या दोन्ही गोष्टी तिच्यावर ठरतात.

जडत्व आघूर्णाच्या, म्हणजे फिरण्याला गाडी करते त्या विरोधाच्या, बाबतीत घोटाळा हमखास होतो. ‘इनर्शिया’मध्ये रुंदी, उंची आणि लांबी असे तीन आकडे एका काल्पनिक भरीव ठोकळ्याचे म्हणून द्यायचे असतात, आणि त्या जागी अनेक जण गाडीची बाहेरून मोजलेली मापे टाकून मोकळे होतात. १.६७५ मीटर रुंद आणि ३.९५ मीटर लांब ठोकळ्याचे, ९८२ किलोंसाठी, उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व सुमारे १५०० किलोग्रॅम-वर्गमीटर येते. खऱ्या गाडीचे बंपर आणि टोकाचे पत्रे हलके असतात, जड वस्तू मध्याकडे असतात. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) २.२६५ मीटर आहे, म्हणजे गुरुत्वमध्यापासून दोन्ही आस प्रत्येकी सुमारे १.१३ मीटरवर. या दोन अंतरांच्या गुणाकाराला वस्तुमानाने गुणले की जवळपास १२६० येतात, आणि इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवलेल्या छोट्या स्पोर्ट्स कारसाठी याच्या ०.९ ते १ पट किंमत हा माझ्या मते योग्य प्रारंभबिंदू आहे. त्यासाठी ठोकळा सुमारे १.५ मीटर रुंद आणि ३.६ मीटर लांब ठेवावा. १५०० आणि १२६० यांतला फरक स्टिअरिंगवर ठळक जाणवतो: जास्त जडत्वाची गाडी वळणात शिरायला उशीर लावते आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही उशीर लावते. हा सुस्तपणा अनेक जण टायरच्या माथी मारतात.

स्प्रिंग: चाकापाशी काय पोहोचते ते पाहावे

सस्पेन्शनच्या फाइलीत मागितलेला स्प्रिंगचा आकडा चाकापाशी जाणवणाऱ्या कडकपणाचा असतो, स्प्रिंगच्या स्वतःच्या कडकपणाचा नव्हे. स्प्रिंग विशबोनच्या मध्यावर कुठेतरी बसवलेली असते. चाक जितके हलते तितकी ती दबत नाही. चाकाच्या हालचालीच्या तुलनेत स्प्रिंग जितकी दबते त्या गुणोत्तराचा वर्ग करून स्प्रिंगच्या कडकपणाला गुणावे लागते. गुणोत्तर ०.७५ असेल आणि स्प्रिंग मिलिमीटरला ३० न्यूटनची असेल, तर चाकापाशी ३० × ०.५६, म्हणजे सुमारे १७ न्यूटन प्रति मिलिमीटर एवढेच पोहोचते. फाइलीत ही किंमत न्यूटन प्रति मीटरमध्ये, म्हणजे १७,००० अशी जाते.

आकडा बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी वारंवारतेचा आधार घ्यावा. दर चाकामागे ९८२ चा चौथा भाग, म्हणजे २४५ किलो. त्यातून चाक, हब आणि ब्रेक यांचे सुमारे ३० किलो वजा केले की स्प्रिंगवर तोललेले २१५ किलो राहतात. कडकपणाला या वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढावे आणि त्याला ६.२८ ने भागावे. १७,००० साठी उत्तर १.४ हर्ट्झ येते. रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या साधारण १.२ ते १.६ हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, डाउनफोर्स नसलेल्या शर्यतीच्या गाड्या दीड ते अडीच हर्ट्झपर्यंत जातात, आणि भरपूर डाउनफोर्सच्या गाड्या याहून कितीतरी वर. गुणोत्तर विसरून फाइलीत थेट ३०,००० टाकले असते तर उत्तर १.९ हर्ट्झ आले असते, म्हणजे दुकानातून घेतलेली गाडी ट्रॅकसाठी कडक केलेल्या गाडीसारखी वागली असती.

खरी गाडी हाताशी असेल तर गुणोत्तराच्या भानगडीत न पडताही चाकापाशीचा कडकपणा मिळतो. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. मग डिकीत, मागच्या आसाच्या शक्य तितक्या बरोबर वर, तोललेली १०० किलो वाळूची पोती ठेवावीत, गाडी हाताने दोन-तीनदा दाबून सोडावी म्हणजे रबरी बुशांतले घर्षण मोकळे होते, आणि पुन्हा अंतर मोजावे. दर बाजूला ४९० न्यूटनचा भार आला आहे. अंतर २९ मिलिमीटरने कमी झाले, तर कडकपणा ४९० भागिले २९, म्हणजे मिलिमीटरला १७ न्यूटन. पुढच्या बाजूला वजन ठेवणे अवघड असते, पण तत्त्व तेच. इतक्या साध्या मोजमापाने मिळणारी खात्री कोणत्याही मंचावरच्या ऐकीव आकड्यात नसते.

स्प्रिंग बदलली की गाडीची उंचीही बदलते, म्हणून प्रत्येक बदलानंतर ‘रॉड लेंग्थ’ने उंची पुन्हा जागेवर आणावी. हे विसरले तर कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) आणि स्टिअरिंगची भूमितीही नकळत बदलते, आणि पुढची तुलना निरर्थक होते.

डॅम्पर

डॅम्पर स्प्रिंगचे हेलकावे शमवतो. २१५ किलो आणि १७,००० न्यूटन प्रति मीटर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की क्रांतिक अवमंदन, म्हणजे हेलकावा उरणारच नाही इतका रोध, मिळते, इथे सुमारे ३८०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. रस्त्यावरच्या गाडीत याच्या पाव ते दोन पंचमांश इतके अवमंदन असते. शर्यतीच्या गाड्यांत ते सहा-सात दशांशांपर्यंत जाते. दाबताना कमी आणि उसळताना जास्त रोध, ही रस्त्यावरच्या गाड्यांची नेहमीची रीत आहे. म्हणून दाबण्यासाठी ९५० आणि उसळण्यासाठी १७०० अशी सुरुवात करावी. दोहोंची सरासरी क्रांतिक मूल्याच्या सुमारे ३५ टक्के भरते. हे आकडेही चाकापाशीचेच धरायचे आहेत. वेगवान हालचालीसाठीच्या किमती यांच्या निम्म्याच्या आसपास ठेवून पुढे गरजेनुसार सुधाराव्यात.

पडताळणीसाठी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेसारखा ट्रॅक नाही. २०.८ किलोमीटरच्या त्या वाटेवर चढ, उतार, उसळी आणि कारुसेलचे काँक्रीटचे खडबडीत वळण हे सगळे एका फेरीत भेटते. उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकदा खाली जाऊन दुसऱ्या हेलकाव्यात शांत व्हावी. ती डुलतच राहिली तर उसळण्याचा रोध कमी आहे. लागोपाठच्या खड्ड्यांवर ती खाली खाली बसत गेली तर तोच रोध जास्त आहे.

कल, अँटी-रोल बार आणि बंप-स्टॉप

निव्वळ स्प्रिंगांवर ही गाडी एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढ्या) इतक्या पार्श्विक त्वरणाला किती कलेल, हे हिशेबाने काढता येते. ट्रॅक रुंदीचा (डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा) वर्ग गुणिले चाकापाशीचा कडकपणा, भागिले दोन, हे प्रत्येक आसासाठी करून बेरीज केली की सुमारे ३४,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन, म्हणजे अंशाला जवळपास ५९० न्यूटन-मीटर येतात. तोललेले ८६० किलो आणि कलण्याच्या अक्षापासून गुरुत्वमध्याचे ०.४ मीटर अंतर धरले, तर कलवणारे आघूर्ण सुमारे ३४०० न्यूटन-मीटर. भागाकार केला की साडेपाच ते सहा अंशांचा कल येतो. अँटी-रोल बारांनी (डावे-उजवे चाक जोडून कल रोखणाऱ्या दांड्यांनी) तो चार अंशांच्या आसपास आणावा. ही गाडी वळणावर डोळ्यांना दिसेल इतकी कलते आणि तिची ओळखच त्यात आहे. कल पुसून टाकण्याचा मोह टाळावा.

बार पुढे जास्त की मागे जास्त, यावर गाडीचा तोल ठरतो, आणि त्यामागचे कारण टायरच्या एका गुणात दडलेले आहे: भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही. समजा एका आसावरच्या दोन टायरांवर २४००-२४०० न्यूटन आहेत आणि वळणात ते १२०० व ३६०० झाले. पकड भाराच्या ०.८ व्या घातावर चालते असे धरले, तर त्या आसाची एकूण पकड सुमारे दोन टक्क्यांनी घटते. हे दोन टक्के ज्या आसावर जास्त घटतील तो आस आधी निसटतो. वळणातल्या भारबदलाचा पुढच्या आसावरचा वाटा, स्थिर वजनातल्या त्याच्या वाट्यापेक्षा पाचेक टक्क्यांनी जास्त ठेवावा, हा वाहन-अभियांत्रिकीतला जुना ठोकताळा सुरुवातीला पुरेसा आहे. निम्म्या-निम्म्या वजनाच्या या गाडीत म्हणजे पुढे ५५ टक्के.

इथेच बंप-स्टॉप, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणारे ठोकळे, तपासून घ्यावेत. ०.८५ जी इतक्या वळणात साडेतीन अंश कललेल्या गाडीचे बाहेरचे चाक सुमारे ४२ मिलिमीटर वर सरकते. पुढचा बंप-स्टॉप त्याआधीच टेकत असेल, तर वळणाच्या मध्यावर पुढचा कडकपणा एकाएकी अनेकपट होतो आणि गाडी सरळ पुढे ओढली जाते. टेलिमेट्रीत (गाडीच्या हालचालींच्या नोंदीत) सस्पेन्शनच्या हालचालीची रेघ वर जाऊन सपाट झालेली दिसली की दोष बंप-स्टॉपचा आहे असे समजावे. बार किंवा टायर बदलून तो जात नाही.

ब्रेक, इंजिन आणि डिफरेन्शियल

०.९ जी ने ब्रेक मारताना पुढे सरकणारा भार म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. इथे सुमारे १७६० न्यूटन. पुढच्या आसावर मग एकूण भाराच्या ६८ टक्के येतात. ब्रेकचा पुढचा वाटा यापेक्षा थोडा जास्त, ०.७० ते ०.७२ ठेवावा, म्हणजे पुढची चाके आधी अडकतात, जसे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत मुद्दाम योजलेले असते. एकूण जोर इतकाच असावा की पेडल पूर्ण दाबल्यावर चाके अडकतील.

इंजिनाचे जपानी आकडे मिनिटाला ६५०० फेऱ्यांना १२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि ५५०० फेऱ्यांना सुमारे १३७ न्यूटन-मीटर असे आहेत. चाकापर्यंत पोहोचताना यातले दहा-पंधरा टक्के गिअरबॉक्स आणि आसात खर्च होतात, म्हणून टॉर्कच्या तक्त्यात तेवढी घट आधीच करून ठेवावी. पाय उचलल्यावरचे इंजिन-ब्रेकिंग मात्र बारकाईने पाहावे; ते जास्त झाले तर वळणात ॲक्सिलरेटर सोडताच गाडी मागून फिरते. मूळ गाडीत साधे उघडे डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने मोकळे फिरू देणारे) होते, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर चाके किती जखडतात हे ठरवणाऱ्या ‘पॉवर’ आणि ‘कोस्ट’ या किमती शून्य ठेवून प्रीलोड (कायमचा जखडणारा जोर) अगदी थोडा ठेवावा. आतले चाक मोकळे फिरताना दिसणे हे इथे बरोबर वागण्याचेच लक्षण आहे.

आता टायर

इथवर सगळे जागेवर असेल तर टायरच्या फाइलीत फार थोडे बदलावे लागते. त्या काळच्या रस्त्यावरच्या टायरसाठी पकडीचा गुणांक एकच्या आसपास किंवा किंचित खाली धरावा, आणि सर्वाधिक पकड सात-आठ अंशांच्या घसरकोनावर (चाकाचे तोंड आणि त्याची खरी दिशा यांतल्या कोनावर) यावी. शर्यतीचे स्लिक टायर याहून कमी कोनावर शिखर गाठतात आणि त्यापुढे लवकर सोडतात. रस्त्यावरचा टायर शिखरानंतर हळूहळू सोडतो आणि चालकाला सावरायला वेळ देतो. गाडी ‘बर्फावर’ चालल्यासारखी वाटण्याचे कारण पुष्कळदा शिखराची उंची नसते, शिखरानंतरची तीव्र उतरण असते. मूळ गाडीची शिफारस थंड टायरमध्ये चारही बाजूंना २६ पीएसआय हवेची आहे. काही फेऱ्यांनंतर ती तीन ते पाच पीएसआय वाढते, आणि टायरचा आदर्श दाब या गरम आकड्याच्या जवळ ठेवावा.

तपासणी स्टॉपवॉचपेक्षा साध्या प्रयोगांनी करावी. सपाट जागी ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वेग सावकाश वाढवत न्यावा: ०.८५ जी पकड असेल तर ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास गाडी हद्दीला पोहोचते, आणि तिथे पुढची चाके किंचित आधी सुटायला हवीत. ताशी १०० वरून पूर्ण ब्रेक मारल्यावर ०.९ जी ला थांबण्याचे अंतर सुमारे ४४ मीटर येते. तिसरा प्रयोग ताशी ८० वर स्टिअरिंग झटकन थोडे फिरवून स्थिर धरण्याचा: गाडीने वळणाचा वेग गाठताना एकदा किंचित पुढे जाऊन लगेच स्थिरावे. प्रत्येक प्रयोगाआधी इंधन, टायरचे तापमान आणि ट्रॅकची पकड सारखी ठेवावी आणि एका वेळी एकच किंमत बदलावी. एका प्रयोगात आकडा जुळला आणि दुसऱ्यात बिघडला, तर टायरकडे वळण्याआधी वहीत ‘अंदाज’ अशी खूण असलेल्या किमती, प्रथम गुरुत्वमध्याची उंची आणि मग जडत्व, तपासाव्यात.

फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंग व्हीलमधून हाताला जाणवणारा जोर, सर्वांत शेवटी. ‘असेट्टो कोर्सा’मध्ये हाताला लागणारा जोर पुढच्या टायरांपासून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंतच्या भूमितीतून येतो, त्यामुळे कॅस्टर, किंगपिन (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचे बाजूने आणि समोरून दिसणारे कल) आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर खरे असतील तर वेगळे काही घालावे लागत नाही. खेळातल्या पेडलच्या खिडकीत जोराची पट्टी वारंवार लाल होत असेल, तर व्हील आपल्या कमाल ताकदीला टेकले आहे आणि त्यापुढचा बारकावा हातापर्यंत पोहोचत नाही. पट्टी फक्त जोरदार वळणात क्षणभर लाल होईल इतका गाडीचा फोर्स फीडबॅक गुणक कमी करावा. कर्बचे आणि रस्त्याचे जादा परिणाम शून्यावर ठेवावेत. मग नॉर्डश्लाइफेवर सावकाश एक फेरी मारून, वेग वाढवण्याआधी, पुढची चाके सुटायच्या बेताला येताच स्टिअरिंग हातात हलके होते का, एवढेच पाहावे. ते हलके होत नसेल तर फोर्स फीडबॅकच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नये. कॅस्टरचा आकडा आणि टायरचा घसरकोन पुन्हा उघडून पाहावा.